विंडोज टाकताना डिस्क दिसते, पण स्वीकारली जात नाही: वारंवार येणाऱ्या अडचणीचे मूळ आणि उपाय

घरच्या संगणकावर पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकताना माणसे सर्वाधिक वेळा एकाच ठिकाणी अडतात. भाषा निवडून होते, अटी मान्य करून होतात आणि विंडोज कोणत्या डिस्कवर टाकायचे हे विचारणारा पडदा समोर येतो. तिथे डिस्क दिसते, तिचा आकारही बरोबर दिसतो, पण पुढे जाण्याचे बटण फिके पडलेले असते आणि खाली पिवळ्या त्रिकोणाशेजारी, या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही, अशी सूचना उमटते. बहुतेक जण या क्षणी डिस्क खराब झाली असे समजतात, किंवा समोर दिसणाऱ्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या एका भागाला, पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारत बसतात. फॉरमॅट पूर्ण होते, सूचना मात्र तशीच राहते, आणि तेवढ्यात त्या पार्टिशनमधील सगळे काही गेलेले असते.

ही अडचण सोडवता येते, आणि बऱ्याच वेळा एकही फाइल न पुसता सोडवता येते. त्यासाठी ती सूचना शेवटपर्यंत वाचणे आवश्यक आहे. त्रिकोणावर किंवा त्याशेजारील ओळीवर क्लिक केले की पूर्ण मजकूर दिसतो आणि तो बहुधा दोनपैकी एक असतो. एका प्रकारात, निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन तक्ता आहे आणि ईएफआय प्रणालीवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच टाकता येते, असे म्हटलेले असते. दुसऱ्या प्रकारात, निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, एवढेच सांगितलेले असते. दोन्ही सूचना दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे उपाय अगदी उलट आहेत, म्हणून कोणती आली आहे हे आधी कागदावर लिहून ठेवावे.

डिस्कच्या सुरुवातीला तिच्यावर किती पार्टिशने आहेत आणि ती कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद असते. एमबीआर ही त्या नोंदीची जुनी पद्धत 1983 मध्ये आली. तिच्यात चारच मुख्य पार्टिशने बसतात आणि नेहमीच्या 512 बाइटच्या सेक्टरांवर, म्हणजे डिस्कच्या लहान तुकड्यांवर, साधारण 2 टेराबाइटच्या पलीकडील जागा तिला मोजता येत नाही. जीपीटी ही नवी पद्धत आहे. विंडोजमध्ये तिच्यात 128 पार्टिशनांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रणालीच्याही अशाच दोन पिढ्या आहेत, जुने बायोस आणि नवे यूईएफआय (सूचनेतील ईएफआय म्हणजे हेच). मधल्या काळातील बहुतेक मदरबोर्डांना दोन्ही पद्धतींनी सुरू होता येते, कारण यूईएफआयच्या आत जुन्या बायोससारखे वागण्याची सोय दिलेली असते. मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये ती लेगसी किंवा सीएसएम या नावाने दिसते. विंडोजचा नियम सरळ आहे: संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू झाला असेल तर विंडोजची डिस्क जीपीटीच हवी आणि लेगसी पद्धतीने सुरू झाला असेल तर एमबीआरच हवी. या दोहोंचा मेळ बसला नाही की वरील सूचना येते. तक्ता संपूर्ण डिस्कचा असतो आणि फॉरमॅट एका पार्टिशनला होते, त्यामुळे कितीही वेळा फॉरमॅट मारले तरी तक्ता बदलत नाही.

यावरून निदान सूचनेतच दडलेले आहे हे लक्षात येईल. एमबीआरबद्दल तक्रार असेल तर संगणक या वेळी यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे, आणि जीपीटीबद्दल तक्रार असेल तर तो लेगसी पद्धतीने सुरू झाला आहे. डिस्कमध्ये दोष असल्याचे दोन्हींपैकी एकही सूचना सांगत नाही.

आधी जीपीटीची तक्रार घेऊ, कारण तिथे डिस्कला हात लावायची गरजच नसते. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि सुरू होताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाबावी. ही कळ प्रत्येक मदरबोर्डावर वेगळी असते, बहुधा एफ8, एफ11, एफ12 किंवा एस्केप यांपैकी एक. उघडलेल्या यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो: एका ओळीत नुसते पेन ड्राइव्हचे नाव आणि दुसऱ्या ओळीत त्याच नावाच्या आधी यूईएफआय हा शब्द. पहिली ओळ निवडली की संगणक लेगसी पद्धतीने सुरू होतो, दुसरी निवडली की यूईएफआय पद्धतीने. नुसत्या नावाची ओळ पुष्कळदा वर असते आणि घाईत तिच्यावरच एंटर दाबला जातो. यूईएफआय शब्द असलेली ओळ निवडून पुन्हा डिस्कच्या पडद्यापर्यंत यावे. सूचना नाहीशी झालेली दिसेल.

यादीत यूईएफआयची ओळच नसेल तर बहुतेक वेळा पेन ड्राइव्हच तशा पद्धतीने तयार झालेला नसतो. यूईएफआयला पेन ड्राइव्ह सर्वसाधारणपणे एफएटी32 या फॉरमॅट पद्धतीचा लागतो आणि या पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवता येत नाही. आयएसओ फाइलमधील, म्हणजे विंडोजचा सगळा संच असलेल्या एका फाइलमधील, विंडोजची मुख्य फाइल आता बहुधा याहून मोठी असते, त्यामुळे ज्यांनी एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून फाइली हाताने उतरवल्या त्यांचा पेन ड्राइव्ह अनेक संगणकांवर यूईएफआय पद्धतीने सुरू होत नाही. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल तीच सामग्री अधिक दाबून भरते आणि 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर दोन्ही पद्धतींनी चालणारी मांडणी करून देते. रूफस हे साधन वापरत असाल तर पार्टिशन पद्धतीच्या खान्यात जीपीटी निवडावे. असा पेन ड्राइव्ह फक्त यूईएफआय पद्धतीनेच सुरू होतो, म्हणून चुकीची ओळ निवडण्याची शक्यताच उरत नाही. मी स्वतः नव्या संगणकांसाठी आता असाच पेन ड्राइव्ह ठेवतो.

एमबीआरची तक्रार आली असेल तर मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण इथे डिस्कचा तक्ताच बदलायचा आहे. डिस्कवर ठेवण्यासारखे काही नाही याची पक्की खात्री असेल तर काम सोपे आहे. त्याच पडद्यावर त्या डिस्कची सर्व पार्टिशने एकेक करून काढून टाकावीत आणि उरलेल्या मोकळ्या जागेची ओळ निवडून पुढे जावे. विंडोज स्वतःच डिस्कला जीपीटी करते आणि लागणारी छोटी पार्टिशनेही स्वतःच पाडते. ती हाताने पाडण्याच्या भानगडीत पडू नये.

डिस्कवर फाइली असतील तर त्या आधी दुसरीकडे घ्याव्यात. जुने विंडोज सुरूच होत नाही, मग फाइली कशा काढायच्या, हा प्रश्न इथे हमखास येतो. त्यासाठी वेगळे साधन लागत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू झालेल्या त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ10 एकत्र दाबले की काळी खिडकी उघडते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते. तिथे नोटपॅड असे इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे, नोटपॅडच्या फाइल मेनूतून ओपन निवडावे आणि उघडलेल्या चौकटीत सर्व प्रकारच्या फाइली दाखवण्याचा पर्याय घ्यावा. ही चौकट म्हणजे छोटा फाइल एक्सप्लोररच आहे. तिच्यात जुन्या डिस्कवरील फोल्डर दिसतात, त्यांवर माउसची उजवी कळ दाबून कॉपी करता येते आणि दुसरा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क जोडून तिथे पेस्ट करता येते. कॉपी किती झाली हे दाखवणारी पट्टी येतेच असे नाही, त्यामुळे मोठ्या फोल्डरसाठी धीर धरावा लागतो आणि शेवटी काही फाइली उघडून पाहाव्या लागतात. ड्राइव्हांची अक्षरे इथे नेहमीपेक्षा वेगळी असू शकतात, म्हणून अक्षरावर न जाता आतील फोल्डर पाहून ओळखावे.

फाइली न हलवता तक्ता बदलण्याचाही एक मार्ग आहे. एमबीआर2जीपीटी ही आज्ञा विंडोज 10 मध्ये 2017 च्या 1703 आवृत्तीपासून मिळते आणि ती काळ्या खिडकीतूनच चालवता येते. आधी व्हॅलिडेट हा पर्याय देऊन तपासणी करावी, ती उत्तीर्ण झाली तरच कन्व्हर्ट हा पर्याय द्यावा. मात्र तिच्या अटी कडक आहेत. डिस्कवर आधीचे विंडोज असावे लागते, मुख्य पार्टिशने तीनपेक्षा जास्त नसावी लागतात आणि एक्स्टेंडेड पार्टिशन व त्यातील लॉजिकल पार्टिशने मुळीच नसावी लागतात. जुन्या घरगुती संगणकांत डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून दिलेले असतात ते बहुधा लॉजिकलच असतात, त्यामुळे नेमक्या अशाच संगणकांवर तपासणी अनुत्तीर्ण होते. तसे झाल्यास जबरदस्ती करू नये आणि फाइली बाहेर काढण्याच्या मार्गाकडे परतावे. तपासणी उत्तीर्ण झाली तरीही महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी घेतलेली असावी, हे माझे ठाम मत आहे.

पेन ड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू करून एमबीआर डिस्कवरच विंडोज टाकणे हा तिसरा मार्ग अनेक जण सुचवतात. ज्या संगणकात यूईएफआय नाहीच, त्याच्यासाठी तो योग्य आहे, किंबहुना एकमेव आहे. इतरांनी तो टाळावा. विंडोज 11 च्या अधिकृत अटींमध्ये यूईएफआय, सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देण्याची) क्षमता आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप यांचा समावेश आहे, आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. आज लेगसीत टाकलेले विंडोज उद्या पुन्हा उपसावे लागण्याचीच शक्यता जास्त.

आता ही अडचण एकाच संगणकावर पुन्हा पुन्हा का येते, याकडे वळतो. हे लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे. माझ्या नात्यातील एका घरी एक डेस्कटॉप आहे. दीड वर्षात त्याच्यावर चार वेळा विंडोज टाकले गेले. दर वेळी तक्रार एकच: संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर, सुरू होण्यायोग्य डिस्क सापडली नाही, अशी ओळ येते. दर वेळी कोणीतरी ओळखीचा मुलगा येऊन विंडोज उडाले आहे असे सांगून फॉरमॅट मारून जाई. चौथ्या वेळी मी तिथे होतो. डिस्क तपासली, ती निर्दोष होती. मग सहज मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरलो, तर तिथले घड्याळ कित्येक वर्षे मागची तारीख दाखवत होते. मदरबोर्डावरील गोल सेल संपला होता.

हा सेल बहुतेक वेळा सीआर2032 या क्रमांकाचा, 3 व्होल्टचा असतो आणि भिंतीवरची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. अनेक मदरबोर्डांवर सेटिंगही त्याच्याच आधाराने टिकते. ते घर आठ-पंधरा दिवस बंद राहिले आणि मुख्य बटण बंद असले की सगळे सेटिंग मूळ अवस्थेत जाई आणि त्या मदरबोर्डाची मूळ अवस्था लेगसीची होती. डिस्क जीपीटी पद्धतीची, संगणक लेगसीत, म्हणून विंडोज जागच्या जागी शाबूत असूनही सापडत नव्हते. मग कोणी पेन ड्राइव्ह लावी, तोही लेगसीत सुरू होई, जीपीटीची सूचना येई आणि ती घालवण्यासाठी पूर्ण डिस्क पुसून एमबीआर केली जाई. पुढच्या खेपेस दुसरा कोणी सेटिंग यूईएफआयवर आणी, तर आता एमबीआरची सूचना येई आणि डिस्क पुन्हा पुसली जाई. या चक्रात त्या घरातील मुलीची पहिल्या वर्षाची छायाचित्रे गेली. एक सेल बदलून आणि एक सेटिंग योग्य करून हे सगळे टळले असते, याची खंत मला आजही वाटते. सेल बदलल्यापासून त्या संगणकावर विंडोज पुन्हा टाकावे लागलेले नाही.

म्हणून विंडोज सापडत नाही अशी ओळ दिसली की पेन ड्राइव्ह शोधण्याआधी मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख पाहावी. ती चुकलेली असेल तर तारीख दुरुस्त करावी, बूटची पद्धत यूईएफआय करावी, बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर हे नाव सर्वांत वर आणावे, सेटिंग जतन करून बाहेर पडावे आणि एकदा पाहावे. विंडोज सुरू झाले तर फक्त सेल बदलायचा उरतो. सेल बदलताना विजेची वायर काढलेली असावी आणि सपाट, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. बदलल्यानंतर सेटिंग पुन्हा एकदा तपासावे लागते.

सेटिंग बदलण्याआधी एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. अलीकडच्या अनेक संगणकांवर डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील सोयीने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून तर नव्याने टाकलेल्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की पुष्कळ संगणकांत हे कुलूप आपोआप लागते. बूटचे सेटिंग बदलले की असा संगणक 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्यात प्रवेश करून ती आधी लिहून घ्यावी, मगच पुढे जावे. ती मिळाली नाही तर डिस्कवरील फाइली परत मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही.

ज्यांच्या संगणकात दोन डिस्क आहेत त्यांनी पुढील भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. काळ्या खिडकीत डिस्कपार्ट हे डिस्क हाताळणारे साधन सुरू करून लिस्ट डिस्क ही आज्ञा दिली की डिस्कची यादी येते. प्रत्येकीपुढे आकार आणि शेवटी जीपीटी नावाचा रकाना असतो. ज्या डिस्कपुढे त्या रकान्यात तारा आहे ती जीपीटी, जिच्यापुढे नाही ती एमबीआर. 500 जीबीची डिस्क इथे 465 जीबी आणि 1 टेराबाइटची 931 जीबी दिसते, कारण विंडोज 1024 च्या पटीत मोजते. डिस्कचे क्रमांक मात्र भरवशाचे नसतात. चालू विंडोजमध्ये जी शून्य क्रमांकाची होती ती इथे एक क्रमांकाची होऊ शकते. मी स्वतः एकदा केवळ क्रमांक लक्षात ठेवून शून्य क्रमांकाची डिस्क निवडली आणि क्लीन ही आज्ञा दिली. ती नेमकी फाइलींची डिस्क होती. या आज्ञेला खात्रीचा प्रश्न विचारण्याची सवय नाही, एंटर दाबताच तक्ता जातो. सुदैवाने क्लीन फक्त तक्त्याच्या नोंदी पुसते, फाइलींचा मजकूर जागेवर राहतो, त्यामुळे ती डिस्क लगेच काढून दुसऱ्या संगणकावर टेस्टडिस्क या मोफत साधनाने तक्ता परत मिळवता आला. क्लीन ऑल ही आज्ञा दिली असती तर प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिले गेले असते आणि मग काहीच हाती लागले नसते.

तेव्हापासून मी विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची वायर काढूनच ठेवतो. याचा आणखी एक फायदा आहे. दोन डिस्क जोडलेल्या असताना विंडोज एकीवर आणि ते सुरू करणाऱ्या फाइली दुसरीवरच्या आधीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, अशी विभागणी होऊ शकते. पुढे कधी ती दुसरी डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही आणि वरचे सगळे चक्र नव्याने सुरू होते.

डिस्क यादीत मुळीच दिसत नसेल तर तो प्रकार वेगळा आहे. 11 व्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी सोय चालू असते आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, नसेल तर एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क दिसत नाही. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून साठवणीचा ड्रायव्हर घेऊन, तो पूर्ण उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि लोड ड्रायव्हर या पर्यायातून तो फोल्डर दाखवावा. सेटिंगमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण आधीचे विंडोज अजून हवे असेल तर हा मार्ग घेऊ नये, कारण ते निळ्या पडद्यावर अडकते.

सगळे सुरळीत होऊन फाइली उतरल्यावर संगणक पहिल्यांदा पुन्हा सुरू होतो, आणि इथेही काहींना विंडोज पुन्हा पहिल्या पडद्यावर आल्याचे दिसते. बूटच्या क्रमात पेन ड्राइव्ह वर असल्याने तोच पुन्हा सुरू झालेला असतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात न करता संगणक बंद करावा, पेन ड्राइव्ह काढावा आणि मग सुरू करावा. काम जिथे थांबले होते तिथून पुढे चालते.

विंडोज पूर्ण उघडल्यावर विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून एमएसइन्फो32 असे टाइप करावे. उघडणाऱ्या माहितीत बायोस मोड या नावापुढे यूईएफआय लिहिलेले असले पाहिजे. तसे असेल तर संगणक बंद करून दुसऱ्या डिस्कची वायर जोडावी, पुन्हा सुरू करून बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर अजून सर्वांत वर आहे ना ते पाहावे, आणि बूटची पद्धत, व्हीएमडी व सिक्युअर बूट दाखवणाऱ्या पडद्यांची मोबाइलने छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे कधी सेटिंग मूळ अवस्थेत गेले तर ती छायाचित्रे पाहून सगळे काही मिनिटांत पूर्ववत करता येते.